सोंगक्रानला थायलंडला चाललोय, सोबत आई आहे. कुठे भिजावं आणि कुठे कोरडं राहावं?

पाऊलखुणा
नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये थायलंडला जायचं पक्कं झालंय आणि तारखा अशा आल्यात की १३ ते १५ एप्रिल म्हणजे सोंगक्रान बरोब्बर मधे येतंय. आधी वाटलं टाळावं, मग वाटलं की एवढं जातोच आहोत तर नवीन वर्षाचा सणच बघू ना. पण आमचा गट असा आहे की सगळ्यांचं एकत्र जमणं कठीण. आई सत्तरीच्या आसपास, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते पण हळू, आणि तिला देवळं, पूजा, लोकांच्या चालीरीती हे सगळं मनापासून बघायचं असतं. भाचा सतरा वर्षांचा, त्याला फक्त पिचकारी आणि रस्त्यावरचं युद्ध हवंय, त्याने आत्तापासून व्हिडिओ बघून डोकं खाल्लंय. मी मधल्यामधे.

विचारायचं एवढंच की बँकॉक बरं की चिआंग माई? आईला तीन दिवस हॉटेलमध्ये कोंडून ठेवावं लागेल का? व्हिडिओत तर नुसती रंगपंचमीच दिसते, गर्दी, धांगडधिंगा आणि ओली माणसं, त्यात पारंपरिक असं काही उरलंय का खरंच? व्हिसा, विमान वगैरे बघितलंय, त्यावर नको. राहायचं कुठे, फिरायचं कसं आणि काय चुकवू नये ते सांगा.

बँकॉकवासी
बरीच वर्षं इथेच नोकरी करतोय म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

तुम्ही व्हिडिओत बघताय तो दुपारनंतरचा सोंगक्रान. सकाळचा वेगळा असतो आणि तो कोणी रील करून टाकत नाही कारण त्यात फार काही घडत नाही. लोक देवळात जातात, भिक्खूंना अन्न देतात, बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी घालतात, घरी आजीआजोबांच्या, आईवडिलांच्या हातांवर पाणी ओततात आणि आशीर्वाद घेतात. त्या पाण्यात मोगऱ्याची फुलं, गुलाबाच्या पाकळ्या आणि 'नाम ओप' नावाचं एक अत्तरी पाणी घातलेलं असतं, वास असा की लिफ्टमध्ये कोणी ती बाटली घेऊन गेलं असलं तरी मागाहून कळतं. वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी ओतायच्या विधीला 'रोद नाम दाम हुआ' म्हणतात. १३ एप्रिल इथे राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन म्हणूनच पाळतात आणि १४ एप्रिल कुटुंब दिन. तेव्हा तुमच्या आई या सणात अडचण वगैरे अजिबात नाहीत उलट सण मुळात त्यांच्या वयाच्या लोकांचाच आहे, भाचा पाहुणा.

आमच्या ऑफिसात सुट्टीच्या आधीच्या दिवशी सगळे वरिष्ठ खुर्च्या मांडून ओळीने बसतात आणि बाकीचे एकेक करून गुडघ्यावर बसून छोट्या वाडग्यातून त्यांच्या तळहातावर पाणी सोडतात. पहिल्यांदा मला वाटलं होतं औपचारिकता असेल, पण आमच्या अकाउंट्समधल्या बाई रडत होत्या आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

बँकॉकमध्ये आईंना काय दाखवाल तर सनाम लुआंग या मोठ्या मैदानाचा परिसर. राष्ट्रीय संग्रहालयातल्या बुद्धैसवान सभागृहात 'फ्रा फुत्था सिहिंग' नावाची मूर्ती आहे, सोंगक्रानला ती मिरवणुकीने बाहेर आणतात म्हणजे सामान्य लोकांना तिला स्नान घालता यावं. जागा आणि वेळ त्या वर्षीची बघून घ्या. गंमत म्हणजे याच नावाच्या मूर्ती थायलंडमध्ये तीन आहेत, एक इथे, एक चिआंग माईला, एक नाखोन सी थम्मरातला, आणि तिन्ही ठिकाणचे लोक आमचीच खरी म्हणतात. वाट फो हे देऊळ ('वाट' म्हणजे देऊळ) जवळच आहे, मेट्रोचं सनाम चाई स्टेशन लागतं, आईंना फार चालावं लागणार नाही. सकाळी आठच्या आत पोचा आणि दहा साडेदहाला परत फिरा. एप्रिल इथला सगळ्यात कडक महिना, पारा ३५ च्या वर सहज जातो, पाण्यापेक्षा मी उन्हालाच जास्त घाबरेन.

भाच्यासाठी सिलोम आणि खाओ सान. सिलोमला जायचं तर बीटीएसचं, म्हणजे वरून धावणाऱ्या ट्रेनचं, साला देंग स्टेशन. तिथे वरून जाणाऱ्या पादचारी पुलावरून खालचा सगळा रस्ता दिसतो, नुसती डोकी आणि पाण्याचे फवारे. खाओ सान लहान गल्ली आहे, आत शिरलात की गर्दी तुम्हाला नेईल तिकडे जायचं, संध्याकाळनंतर तर फारच कोंबाकोंबी. मी म्हणेन सिलोम. स्टेशनात शिरताना पिचकारी रिकामी करावी लागते, ते लक्षात ठेवा.

आणि हो, बँका, सरकारी ऑफिसं बंद. छोट्या खानावळी पण बंद, कारण चालवणारी माणसं इसानकडची, म्हणजे ईशान्य थायलंडची, ती सगळी गावाला गेलेली असतात. शहराचा निम्मा भाग एकदम रिकामा वाटतो, मला तर वर्षात बँकॉक तेव्हाच आवडतं. मॉल उघडे असतात.

मोगरा_आणि_मिरची
मी चिआंग माईच्या बाजूने. बँकॉकमध्ये पाणी दोनचार रस्त्यांवर असतं, तिथे गेलात तर भिजाल, नाही गेलात तर बऱ्यापैकी कोरडे. चिआंग माईत जुनं शहर चौकोनी आहे, प्रत्येक बाजू दीडेक किलोमीटर, आणि भोवती खंदक. त्या खंदकाच्या कडेने पूर्ण चौकोनभर लोक बादल्या घेऊन उभे असतात आणि पिकअप गाड्यांच्या मागे पाण्याची पिंपं ठेवून अख्खी खानदानं चकरा मारत असतात, पिंपात बर्फाच्या लाद्या टाकलेल्या. ते गार पाणी मानेवर पडलं ना की पुढची दोन सेकंद माणूस काही बोलू शकत नाही. भाच्याला इथेच आणा, बाकी काही करावं लागणार नाही, जुन्या शहराच्या पूर्वेच्या वेशीला, था फे गेटला सोडून द्या आणि संध्याकाळी घ्यायला जा.

आता आईंचं. १३ तारखेला दुपारी वाट फ्रा सिंगमधल्या मूर्तीची मिरवणूक निघते, तीच वर म्हटलेली सिहिंगची चिआंग माईवाली. रेल्वे स्टेशनच्या बाजूने नावारात पूल ओलांडून था फे रस्त्याने जुन्या शहरात येते. शहरातल्या इतर देवळांच्या मूर्ती पण फुलांनी सजवलेल्या गाड्यांवर असतात, पुढे ढोल, नाचणाऱ्या बायका उत्तरेकडच्या लुगड्यांमध्ये, आणि दोन्ही बाजूंनी लोक मूर्तीवर वाडग्याने हळूच पाणी उडवतात. जे लोक अर्ध्या तासापूर्वी एकमेकांना बादल्यांनी धुवत होते तेच रथ आला की पिचकारी पाठीमागे धरतात आणि हात जोडतात. आईंसाठी था फे रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत आधीच खिडकीची जागा धरा, दुपारी एकच्या आधी जाऊन बसा, नंतर रस्ता ओलांडणं अशक्य.

१४ ला लोक पिंग नदीकाठची वाळू आणून देवळांच्या आवारात वाळूचे स्तूप बांधतात आणि त्यात रंगीत कागदी पताका खोचतात. कल्पना अशी की वर्षभर देवळात येता जाता पायाला लागून जी माती बाहेर गेली ती परत करायची. पोरंटोरं पण बांधतात, आईंना कोणीही बोलावून पताका हातात देईल. १५ ला तिकडे 'फाया वान' म्हणतात, सगळ्यात शुभ दिवस, पहाटेपासून देवळं भरलेली. बोधीवृक्षाच्या फांद्यांना लोक रंगवलेले लाकडी टेकू अर्पण करतात, म्हणजे झाडाला आणि धर्माला आधार द्यायचा. वाट फ्रा सिंगमध्ये मूर्तीपर्यंत जाणारी एक लांब लाकडी पन्हळ लावतात, तुम्ही अलीकडच्या टोकाला पाणी ओतायचं, ते वाहत जाऊन मूर्तीवर पडतं. रांग असते पण सरकते.

आणि आईंना हे नक्की सांगा, उत्तरेकडे त्या पाण्यात जी शेंग भाजून टाकतात, 'सोम पोई', ती आपली शिकेकाई आहे, तीच. सोबत करडईची वाळलेली फुलं टाकतात म्हणून पाणी पिवळसर दिसतं. माझ्या सासूबाईंनी वास घेतला आणि दुकानदारीणबाईंशी मराठीत गप्पा चालू केल्या, ती थाईत उत्तर देत होती, दोघींचं छान चाललं होतं.

राहायचं मात्र खंदकाच्या आत नको. आत राहिलात तर बाहेर पडायला प्रत्येक वेळी खंदक ओलांडायचा, म्हणजे ओलं व्हायचंच, सामान घेऊन आलात तरी कोणी सोडत नाही. निमानहेमिनकडे किंवा नदीपलीकडे वाट केतच्या बाजूला बघा. १२ च्या दुपारपर्यंत पोचा. विमानतळावरून येताना टॅक्सीच्या काचा बंद, आणि १३ ते १५ त्या लाल साँगथाऊ (शेअर गाड्या) नकोत कारण त्या मागून उघड्या असतात आणि रस्त्यावरच्या लोकांना ते चांगलंच माहीत असतं.

खवचट_काका
सगळे कौतुक करताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

एक. चिआंग माईला मार्च एप्रिलमध्ये धूर असतो. आजूबाजूच्या डोंगरात आणि सीमेपलीकडे जंगलं शेतं जाळतात, काही दिवस हवेचा निर्देशांक असा असतो की समोरचा दोई सुथेप डोंगर गायब. आईंना दम्याचा, श्वासाचा त्रास असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर घ्या, देऊळ बिऊळ नंतर. कधी पाऊस होऊन हवा स्वच्छ होते पण त्यावर बुकिंग करू नये.

दोन. रस्ते. इथे सोंगक्रानच्या आठवड्याला सरकारच 'सात धोक्याचे दिवस' म्हणतं, ११ ते १७ एप्रिलच्या आसपास रोजचे अपघाताचे आकडे बातम्यांत येतात. अलीकडच्या वर्षांत या सात दिवसांत अडीचशेच्या घरात माणसं गेलीत, त्यात बहुतेक मोटरसायकलवाले, कारणं दारू आणि वेग. त्यात ओला रस्ता आणि अचानक तोंडावर येणारी बादली. भाच्याने स्कूटर भाड्याने घेऊ म्हटलं तर सरळ नाही म्हणा. सतरा वर्षांचा आहे, परवाना नाही, विमा कंपनी एक बातसुद्धा (थाई चलन) देणार नाही.

तीन. खंदकाचं पाणी. सणाआधी महापालिका बदलते म्हणतात, बदलत असेल, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हजारो बादल्या त्यात बुडालेल्या असतात, रंग बघा आणि ठरवा. डोळ्यांना गॉगल लावा, पोहायचा असला तरी चालेल, तोंड बंद ठेवा. आमच्या गटातल्या एकाचे डोळे असे आले की पुढचा आठवडा बेटावर काळा चष्मा लावून बसला होता.

चार. सगळीकडे भाव चढे, बस रेल्वे फुल्ल. बँकॉक चिआंग माई रेल्वे साडेसातशे किलोमीटर, रात्रीची स्लीपर मस्त असते पण सोंगक्रानच्या आधीच्या दिवसांची तिकिटं खिडकी उघडल्या उघडल्या जातात, कारण अख्खा देश घरी चाललेला असतो. विमानाचं बघा, ते पण आत्ताच.

जाऊ नका म्हणत नाहीये. मी परत जाईन. फक्त डोळे उघडे ठेवून, म्हणजे गॉगलच्या आत.

पाऊलखुणा
बापरे, एका संध्याकाळीत एवढं, खूप आभार सगळ्यांचे. काका, आईला श्वासाचा त्रास नाही पण धुराचं माहीतच नव्हतं, बघते.

आईला मोगरा_आणि_मिरचीचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती शिकेकाईवर अडकलीये, सकाळपासून दोनदा विचारून झालं की मग ते केसांना पण लावतात का.

तीन उपप्रश्न. आई मासे मांस खात नाही, आणि छोट्या खानावळी बंद म्हणता मग काय करायचं. दुसरं, त्या विधीत परक्या माणसाने भाग घेतलेला चालतो का की लांबून बघायचं, आगाऊपणा नको वाटायला. तिसरं माझ्यासाठी, भाच्याबरोबर मलाच जावं लागणार गर्दीत, बाईमाणसाला कितपत ठीक आहे ते?

एकटी_भटकी
तिसऱ्याचं मी सांगते कारण पुरुष मंडळी त्यावर 'काही होत नाही' म्हणतील.

बहुतांश गर्दी खरोखर चांगली असते, कुटुंबं, आज्या, चिमुरडी पोरं, पाणी टाकून वर हात जोडून 'सावतदी पी माय' म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा म्हणतात. पण दाट गर्दीत हात लावणारे असतातच, विशेषतः गालाला पावडर लावायच्या निमित्ताने. ती पांढरी पेस्ट असते ना, 'दिन सो फोंग', एक प्रकारची पांढरी माती पाण्यात कालवलेली, पूर्वी आशीर्वाद म्हणून लावायचे. आता बऱ्याच ठिकाणी त्यावर बंदी घालतात, तरी लावतात. कोणी चेहऱ्याकडे हात आणला तर आपला हात मधे घालायचा आणि जोरात 'माय आओ' म्हणायचं, नको म्हणून. माझ्या बाबतीत बहुतेक लगेच मागे झाले. जे झाले नाहीत त्यांच्यावर मी ओरडले आणि शेजारच्या थाई बायकाच पुढे आल्या.

तिकडच्या बायका पण यावर बोलतात हं. २०१८ मध्ये अधिकाऱ्यांनी सोंगक्रानला बायकांनी तोकडे कपडे घालू नयेत असा सल्ला दिला तेव्हा सिंडी सिरिन्या बिशप या मॉडेलने 'मी काय घालायचं ते मला सांगू नका' अशी मोहीमच काढली, बायकांना नाही तर हात लावणाऱ्यांना सांगा म्हणून. मोठी चर्चा झाली होती.

प्रॅक्टिकल सांगायचं तर पांढरा किंवा फिका कपडा नको, ओला झाला की सगळं दिसतं. गडद रंगाचा, लवकर वाळणारा टीशर्ट, आत स्विमसूट, गुडघ्यापर्यंत पँट. तो फुलाफुलांचा ढगळ शर्ट तिथे सगळेच घालतात, रस्त्यावर मिळतो, तो घ्या आणि मजा करा. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल, साध्या चपला गर्दीत राहून जातात, दुपारी रस्त्यावर एकेकट्या चपला पडलेल्या दिसतात. दुपारी दोन ते पाच जा, अंधार पडायच्या आत निघा. दारू चढलेली गर्दी अंधारात वेगळी असते. भाच्याला आधीच भेटायची जागा ठरवून द्या कारण फोन पाऊचमध्ये असतो आणि त्या प्लास्टिकवरून ओल्या बोटांनी काही टाईप होत नाही.

पाऊच हॉटेलच्या बाथरूममध्ये टिशू घालून तपासा आधी, मग फोन घाला. पासपोर्ट खोलीत, फोटो फोनमध्ये, पैसे झिप पिशवीत, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा.

बँकॉकवासी
दुसऱ्याचं. भाग घ्या, बिनधास्त घ्या. मोठ्या हॉटेलांच्या लॉबीत, मॉलमध्ये, काही स्टेशनांवर सुद्धा बुद्धमूर्ती, फुलं आणि पाण्याचा घट मांडलेला असतो, कोणीही घालू शकतं. एवढंच की डोक्यावरून ओतायचं नाही, खांद्यावर, अंगावर हळू धार सोडायची. माणसांचं तसंच, वडीलधाऱ्यांच्या डोक्यावर नाही, जोडलेल्या हातांवर. देवळात खांदे गुडघे झाकलेले, पिचकारी बाहेर. भाच्याला बजावा की भिक्खूंवर पाणी अजिबात नाही, म्हाताऱ्यांवर, तान्ह्या बाळांवर, चालत्या मोटरसायकलवर नाही, आणि जो सामान किंवा इस्त्रीचे कपडे घेऊन हात जोडतोय त्यालाही सोडायचं. पाइपच्या घरगुती जोरदार पिचकाऱ्या आणू नये, पोलीस काढून घेतात.

एक सुचवतो, पटलं तर करा. बाजारातून नाम ओपची छोटी बाटली आणि मोगऱ्याची माळ घ्या आणि हॉटेलच्या खोलीतच वाडग्यात पाणी करून तुम्ही आणि भाच्याने आईंच्या हातावर घाला. हॉटेलच्या बायकांना कळलं तर वाडगा त्याच आणून देतील. आमच्या शेजारणीने माझ्या आईला असंच खुर्चीवर बसवलं होतं आणि आईने सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवून अखंड सौभाग्यवती भव म्हटलं, शेजारीण पन्नाशीची, अविवाहित. पण खूष झाली.

जेवणाचं. 'जे' असा शब्द असलेली पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी शोधा, तिथे मांस मासे तर नाहीच, कांदा लसूण पण नसतो. बाकी ठिकाणी 'मांगसाविरात' म्हणा आणि वर 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे वेगळं सांगा कारण ते त्यांना मीठच वाटतं. मॉलची फूड कोर्टं उघडी असतात, तिथे बऱ्याचदा एक शाकाहारी काउंटर असतो. आंबा आणि चिकट भात तर एप्रिलमध्ये हवा तितका. 'खाओ चे' दिसला तर आईंना दाखवा, मोगऱ्याच्या गार पाण्यात भात आणि बाजूला तळलेले छोटे छोटे पदार्थ, मोन या इथल्या जुन्या जमातीच्या लोकांकडून आलेला उन्हाळ्याचा प्रकार. बाजूचे पदार्थ बहुतेक मासे मांसाचेच असतात म्हणून नुसता भात खायला लागेल, तोही छान लागतो.

आईंना गोष्टी आवडत असतील तर वाट फोला जाताना ही सांगा. तिथल्या शिलालेखांत सोंगक्रानची कथा आहे. कबिल महाब्रह्म एका हुशार मुलाला, थम्मबान कुमाराला, कोडं घालतो की माणसाचं तेज सकाळी कुठे असतं, दुपारी कुठे आणि संध्याकाळी कुठे. सात दिवसांत सांग, नाहीतर तुझं डोकं माझं, सांगितलंस तर माझं तुझं. पोराला पक्ष्यांची भाषा येत असते, झाडाखाली निजलेला असताना वर गरुडाची जोडी बोलते ते ऐकतो. सकाळी तोंडावर म्हणून लोक तोंड धुतात, दुपारी छातीवर म्हणून तिथे सुगंधी पाणी लावतात, संध्याकाळी पायांवर म्हणून पाय धुऊन निजतात. ब्रह्म हरतो. पण त्याचं डोकं जमिनीवर पडलं तर जग जळेल, समुद्रात पडलं तर समुद्र आटेल, आकाशात फेकलं तर पाऊस थांबेल, म्हणून त्याच्या सात मुली ते सांभाळतात आणि दरवर्षी एकजण ते घेऊन मिरवणूक काढते. सोंगक्रानचा मुख्य दिवस ज्या वाराला येतो त्या वाराची मुलगी त्या वर्षाची नांग सोंगक्रान, तिचं वाहन, तिचं खाणं, त्यावरून पीकपाण्याची भाकितं. मिरवणुकांत सजवलेली मुलगी दिसेल ती हीच.

खवचट_काका
कथा मस्त. हा तोच मुहूर्त आहे ना, सूर्य मेषेत जातो तो. लाओस, कंबोडिया, म्यानमार सगळीकडे याच दिवसांत नवीन वर्ष. थायलंडने मात्र सरकारी नवीन वर्ष १९४१ पासून १ जानेवारीला नेलं आणि सोंगक्रान सण म्हणून राहिला. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत पण गेला, तेव्हापासून सरकार आणखी जोरात जाहिरात करतंय, महिनाभर कार्यक्रम वगैरे. मला विचाराल तर ते स्टेज, डीजे, लाइटवाले प्रकार कुठेही बघता येतात, त्यासाठी तिकीट काढू नका. अयुथ्थयाला हत्ती सोंडेने पर्यटकांवर पाणी उडवतात तेही मी टाळतो, हत्तीला कोणी विचारलेलं नसतं.

नदीकाठ
उशिरा येतोय पण हे कोणी लिहिलं नाही. १५ ला सगळं संपत नाही. बँकॉकला लागून सामुत प्राकानमध्ये फ्रा प्रादेंग म्हणून गाव आहे, मोन वस्तीचं, तिथला सोंगक्रान साधारण पुढच्या शनिवार रविवारी होतो. फुलांच्या गाड्या, पारंपरिक कपड्यातल्या बायका, हंस आणि गोमेच्या पताकांची मिरवणूक, आणि संध्याकाळी मुलंमुली 'साबा' खेळतात, चपट्या गोल चकत्यांचा जुना खेळ. पाणी तिथेही आहेच, पण माणसं आपल्या गल्लीत आपला सण करताहेत असं वाटतं. चोनबुरीकडे बांग सेनला १६-१७ ला वाळूचे मोठे स्तूप करतात आणि पट्टायाला १९ च्या आसपास शेवटचं मोठं पाणी. तुमच्या परतीच्या तारखेवर आहे सगळं.

पाऊलखुणा
परत २० ला आहे, म्हणजे फ्रा प्रादेंग बसू शकतं!

घरी चर्चा झाली (भांडण झालं). असं ठरतंय की ११ ला विमानाने चिआंग माई, नदीपलीकडे हॉटेल, १६ ला बँकॉक. हवा फारच वाईट दिसली तर उलटं करायचं म्हणून दोन्हीकडे रद्द करता येणारं बुकिंग घेतेय. भाच्याला स्कूटर नाही सांगितलं, तोंड फुगलंय. आई म्हणते मिरवणूक कॅफेतून कशाला, मला खाली रस्त्यावर उभं राहायचंय. आता काय करू?

मोगरा_आणि_मिरची
उभं राहू द्या की. एक फोल्डिंग स्टूल घ्या, चिआंग माईच्या वारोरोत बाजारात मिळेल, आणि हातात फुलं घातलेला पाण्याचा वाडगा द्या. वाडगा घेऊन बसलेल्या आजींवर कोणी बादली ओतत नाही, फार तर एखादी पोरगी येऊन विचारेल आणि खांद्यावर चमचाभर सोडेल. तरी एक कोरडा टॉवेल, औषधं झिप पिशवीत, डोक्याला टोपी, आणि नावारात पुलाजवळ न थांबता देवळाच्या जवळ थांबा, तिथे गर्दी जरा सैल असते. गुडघ्याला गार पाण्याचा त्रास होत असेल तर पँटच्या आत नी कॅप. गाडी परतीला दारापर्यंत येणार नाही, संध्याकाळी सहानंतर पाणी बरंच कमी होतं तोवर देवळात बसून राहा, आवारात सावली आहे आणि खायच्या गाड्या पण असतात.

पाऊलखुणा
स्टूलचं आवडलं तिला. भाचा विचारतोय की तो उचलायचा कोणी.

एकटी_भटकी
त्यानेच. पाठीवर बांध म्हणावं, दोन्ही हात पिचकारीला मोकळे.